हलवून पाहिलेला नारळ

"हनुवटी वर घ्या," मी म्हटलं.

खुर्चीतल्या माणसाने हनुवटी वर घेतली आणि डोळे मिटले. कार्डिफमधल्या एका चर्चच्या सभागृहात आमची मेकअपची खोली होती. सकाळचे नऊ वाजले होते. तिथल्या मराठी मंडळाची चाळीसेक माणसं आमच्या सिनेमात गर्दी म्हणून उभी राहायला हौसेने आली होती आणि त्यांच्या नाका-कपाळावरची चमक घालवायचं काम माझ्याकडे होतं. एकेकाला दीड मिनिट, त्याहून जास्त नाही. हा विसावा की एकविसावा असेल.

मी स्पंज कपाळावरून गालावर आणला. डाव्या कानाखाली फिरवला तसा त्याचा डावा खांदा झटकन वर आला आणि दोन्ही ओठ दातांखाली गेले.

माझा हात थांबला. मेकअपला बसलेला साधा माणूस ओठ आत घेत नाही. लहानपणी दशावतारी नाटकात ज्याच्या तोंडाला सफेदा फासलाय तोच घेतो, कारण सफेदा कडू लागतो. आणि कानाखाली हात गेला की असा खांदा उडणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच माहीत होता. त्याला मी सीता केलं होतं, द्रौपदी केलं होतं, तारामती केलं होतं. कुडाळ-वेंगुर्ल्याच्या कितीतरी देवळांच्या जत्रांत त्याची भुवई मी माझ्या हाताने कोरली होती.

"डोळे उघडा," मी म्हटलं.

त्याने उघडले. केस गेलेले, गाल उतरलेले, पण डोळे तेच.

"दादा," तो म्हणाला, "तुझो हात अजून तसोच थंड आसा."

मी त्याच्या थोबाडीत मारली.

रांगेतल्या बायका किंचाळल्या. कोणीतरी माझा दंड धरला. मी तो झटकला. मारलेल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो माझा धाकटा भाऊ वासुदेव होता, आणि आठ वर्षांपूर्वी त्याला मी जाळला होता.

वासू एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली जहाजावर खलाशांचा स्वयंपाकी म्हणून गेला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सात महिने पत्रं आली, मग बंद झाली. कंपनीने कळवलं की कुठल्याशा बंदरात उतरला तो परत चढला नाही. बुडाला की पळाला ते त्यांना माहीत नव्हतं. मी मुंबईत सिनेमाच्या कामात होतो. गावच्या घरी आई आणि वासूची बायको शालन, दोघीच. नऊ वर्षांनी आई गेली. शेवटचे चार दिवस ती फक्त "वासू इलो काय?" एवढंच विचारत होती. मग शालन एकटी राहिली. तिचं सगळं मीच बघायचो, म्हणजे तिला एकटीला काही ठरवावं लागू नये याची काळजी घ्यायचो. मोठा दीर म्हणून ते माझं कर्तव्यच होतं, असं मी मानत असे.

बारा वर्षं झाली तेव्हा शालनचं पत्र आलं. आता वासूचा विधी करून टाकूया, असं तिनेच लिहिलं होतं. माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की आमच्याकडे पालाशविधी करतात. दर्भ आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि खऱ्या प्रेतासारखा अग्नी द्यायचा. मी गेलो. पुतळा बांधून झाला तसा भटजींनी नारळ मागितला. शालन माळ्यावरून पाच नारळ घेऊन आली. ओटीवर बसून तिने एकेक नारळ कानाशी नेऊन हलवला, चार बाजूला ठेवले आणि पाचवा माझ्या हातात दिला. दुःखाने माणसाचं डोकं चालत नाही, हात आपले सवयीने चालतात, असं मला वाटलं. अग्नी दिल्यावर नारळ फुटायला हवा होता, तो फुटला नाही. भटजी म्हणाले, चालतं. गावातल्या बायका बांगड्या उतरवायला आल्या तर शालनने त्या आधीच काढून डब्यात ठेवल्या होत्या. दहाव्याला कावळा घास घेऊन लगेच उडाला, म्हणजे त्या कावळ्यानेसुद्धा खोटी साक्ष दिली!

आणि हा माझ्यासमोर जिवंत बसला होता, अंगात निळं स्वेटर, गालावर माझी चार बोटं.

"गर्दीवाले चला, गर्दीवाले!" बाहेरून हाका सुरू झाल्या.

काम ते काम. मी पुन्हा स्पंज उचलला आणि त्याच्या गालावरची माझीच बोटं माझ्याच हाताने झाकली. उठताना एवढंच म्हणाला, "मंडळाच्या पत्रकावर तुझा नाव वाचलंय. म्हणान इलंय."

आता आमचा सिनेमा काय होता तेही सांगायला हवं. दोन भाऊ. वीस वर्षं अबोला. एक इंग्लंडात, एक पुण्यात. पुण्यातला भाऊ इंग्लंडात येतो, बंदरावरच्या गर्दीत दोघे समोरासमोर येतात, क्षणभर बघतात आणि मिठी मारतात. त्या दिवशी हीच मिठी चित्रित व्हायची होती. दिग्दर्शक अन्वय नावाचा बत्तीस वर्षांचा मुलगा, हुशार, भला, पण त्याला सख्खा भाऊ नव्हता, ते त्या पटकथेत पानोपानी दिसत होतं.

मिठीचे अकरा टेक झाले. दर टेकला मागून चाळीस माणसं छत्र्या, पिशव्या घेऊन चालायची आणि त्यांत वासू चालायचा. पुढे दोन नट गळ्यात पडून रडायचे. दर खेपेला मी धावत जाऊन त्यांचे डोळे टिपायचो आणि वासूकडे बघायचं नाही असं ठरवून त्याच्याकडेच बघायचो. पिशवी घेऊन चालण्यात तो पटाईत दिसला. वीस वर्षं त्याने तेच केलं होतं, कुणाच्या लक्षात न येता मागून चालत राहणं.

अकराव्या टेकनंतर अन्वय माझ्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते.

"रघुकाका, कसं वाटलं?"

"खोटं वाटलं."

त्याचा चेहरा पडला. "का?"

"वीस वर्षांनी भेटलेला भाऊ मिठी मारत नाही."

"मग काय करतो?"

"गाल लाल करतो."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. माझं डोकं असं तापलं होतं की ब्रशसुद्धा धड धुता येत नव्हता. आई "वासू इलो काय" म्हणत गेली, शालन पस्तिशीच्या आत विधवा झाली, आणि हा माणूस जहाजाच्या शिडीवरून उतरून इथे वीस वर्षं चहा पीत बसला होता?

जेवणाच्या सुट्टीत तो बंदराकडच्या बाकावर माझी वाट बघत बसला होता. मी उभाच राहिलो.

"बस मरे, दादा."

"बसूक नाय इलंय. कामाची गोष्ट सांग. खय ऱ्हवतस?"

"हयसरच. हॉस्पिटलच्या लाँड्रीत आसंय. चादरी धुतंय."

"कोण आसा तुझा?"

त्याने पाण्याकडे बघितलं. "एक बाई होती. तिचो एक झील होतो, पोरगो, आधीच्या घोवाचो. आमी धा वर्सां एकत्र ऱ्हवलो. गेली ती दोन वर्सांमागे. झील लंडनाक आसा."

"आणि शालन?"

त्याने बुटाच्या टोकाने एक खडा सरकवला.

"शालन कोण तुझी? आईक काय सांगूचा होता मी? एक कार्ड नाय पाठवलंस रे! एक कार्ड!"

"सुरवातीक कागद नव्हते माझ्याकडे. पकडतीत म्हणान भियालंय. मगे लाज वाटली. मगे आज लिवतंय, उद्या लिवतंय करता करता वर्सां गेली."

"लाज वाटली!" मी इतका ओरडलो की बाजूला सँडविच खाणारा एक गोरा म्हातारा उठून दुसऱ्या बाकावर गेला. "लाज वाटणाऱ्या माणसाचा तोंड असा नसता. तू तिकीट काढ. माझ्याबरोबर येतलस. भटजी तेवाच म्हणाले होते, असो माणूस परत इलो तर तेका तुपाच्या मडक्यात बुडवूचो, बारसा करूचा आणि त्याच बायलेबरोबर परत लगीन लावूचा. मी तुका स्वतः बुडवतलंय. शालनाक परत कुकू लावून घेतलंय. वाईट दिवस काढल्यान रे तिना! तिच्यासाठी तरी चल."

हे मी मनापासून बोलत होतो. त्या क्षणी मला दुसरं काही दिसत नव्हतं. शालनचं रिकामं कपाळ मला आठ वर्षं डाचत होतं आणि ते भरून काढण्याचा उपाय माझ्यासमोर निळं स्वेटर घालून बसला होता.

वासूने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून पाकीट, पाकिटातून चार घड्यांचा कागद. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती.

"कागद मिळाले तेवा मी तिका लिवलंलंय, दादा. नव्याण्णव साली. सगळा लिवलंलंय, बाईचासुद्धा. म्हटलंय, येतंय. ह्या तिचा उत्तर. वाच."

अक्षर शालनचं होतं. सातवीपर्यंत शिकलेली, गोल, दाबून काढलेली अक्षरं.

"तुमचं पत्र पोचलं. तुम्ही जिवंत आहात हे वाचून बरं वाटलं. खोटं सांगत नाही, दोन दिवस चूल पेटवली नाही. पण तुम्ही येऊ नका.

सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडात पाणी मी घातलं, आणि तुमच्या नावाचंही मीच घातलं. मला अंगणवाडीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. भावोजी म्हणाले, वासू आल्यावर बघू. माझ्या बहिणीची पोर आई नसलेली आहे, तिला सांभाळायला आणायची होती. भावोजी म्हणाले, वासू आल्यावर बघू. विहिरीवर रहाट बसवायचा होता तर तोही तुम्ही आल्यावर. आता तुम्ही याल आणि तुम्हीही म्हणाल की बघू.

तुम्ही तिकडे घर केलंत त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पुढच्या वर्षी बारा वर्षं पुरी होतात. मी भावोजींना सांगून तुमचा विधी करून घेणार आहे. विधवेला कोणी विचारत नाही की नवऱ्याची काय खबर. तुम्ही माझ्यासाठी काही केलं नाहीत, एवढं एक करा. मेलेल्यासारखे राहा.

शालन वासुदेव धुरी."

मी तो कागद दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला शालनचा राग आला. माझ्या हाताने जिवंत भावाला आग लावून घेतली या बाईने! पळसाची पानं मोजत बसलो होतो मी, दहा दिवस सुतक पाळलं, डोकं भादरलं, आणि ही सगळं माहीत असून ओटीवर बसली होती! दुसऱ्यांदा वाचला तेव्हा "भावोजी म्हणाले" पाशी अडकलो. ट्रेनिंगचं मी म्हटलं होतं. पोरीचं म्हटलं होतं. रहाटाचं तर मला आठवतही नव्हतं. पण म्हटलं असणार, कारण मी नेहमी तेच म्हणायचो, आणि म्हटलं की मला बरं वाटायचं, शालनला आशा दाखवली म्हणून. विधी झाल्यावर ती वर्षभरात ट्रेनिंगला गेली, बहिणीची मुलगी घरी आणली, आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी बायकोला म्हणालो होतो, दुःख विसरायला माणूस कशात तरी मन गुंतवतं.

"आणि तू ऐकलंस तिचा?" मी वासूला म्हणालो. "जल्मात कोणाचा ऐकूक नाय. बापाशीचा नाय, माझा नाय. ह्या बरा ऐकलंस!"

"तिना जल्मात एकच गोष्ट मागल्यान, दादा."

"सोप्पी गोष्ट मागल्यान तुका! काय न करण्याची!"

त्याने मान खाली घातली. सुट्टी संपल्याची शिट्टी वाजली. वासूने कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मी आता एकटोच आसंय. वय होता इला. गावाक येवचा वाटता. तू मोठो आसस. तूच सांग, येव काय?"

"बघू" हा शब्द माझ्या ओठापर्यंत आला होता. तो मी गिळला. हसू नका, फार जड गेलं ते.

"मी कोण सांगणारो? शालनाक विचारतंय," मी म्हटलं.

मिठी आम्ही मारली नाही. दुपारी अजून तीन टेक झाले. संध्याकाळी गर्दीवाल्यांना सोडलं तेव्हा तो तोंड धुवायला माझ्याकडे आला. मी त्याचा मेकअप उतरवला. गालावरची बोटं गेली होती.

मुंबईला उतरल्यावर मी घरी फक्त पेटी टाकली आणि गावची गाडी पकडली. मे महिना होता. अकराच्या सुमाराला पोचलो. विहिरीवर रहाट होता. तो कधी बसला ते मला माहीत नव्हतं. शालन मांडीवर सूप घेऊन घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते.

"भावोजी? न कळवता इल्यात? बसा. पाणी हाडतंय."

"पाणी नको. वासू भेटलो."

तिचे हात थांबले नाहीत. आमसुलांची एक ओळ तिने पुरी केली.

"बरो आसा?"

"बरो आसा! एवढाच विचारतलंस? तुका म्हायत होता. विधीच्या आदी म्हायत होता. माका सांगूक नाय तुया!"

"सांगला असता तर तुमी काय केला असतास?"

"कान धरून हाडलो असतंय तेका!"

"म्हणानच," ती म्हणाली.

मी खळ्याच्या कडेला बसलो. ऊन डोक्यावर होतं. आतून तिच्या बहिणीची मुलगी आली. सोळा-सतरा वर्षांची असेल. तिने न विचारता पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. भांडायला आलेल्या माणसाची अशी पंचाईत होते. पाणी प्यायल्यावर आवाज पहिल्याइतका चढत नाही.

"तेची ती बाई गेली," मी म्हटलं. "एकटो आसा. तो विचारता, येव काय?"

"तुमी काय सांगलास तेका?"

"मी म्हटलंय, शालनाक विचारतंय."

आता मात्र तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन आली त्याला बावीस वर्षं झाली होती. मी मोठा दीर म्हणून माझ्यासमोर ती नेहमी खालच्या मानेने बोलायची. त्या दिवशी मान खाली नव्हती.

"खराच, असा म्हटल्यात?"

"तसाच म्हटलंय."

तिने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"मगे तेका सांगा, येव नको. तेच्यावर राग नाय माझो. माझ्याबद्दल खबर विचारल्यान तर सांगा, बरी आसा. पण येव नको."

"विचार करून सांग."

"नव वर्सां करतंय विचार."

पण इतक्या लांबून इतका राग घेऊन आलेला माणूस असा गप्प कसा उठणार? मला तो कुठेतरी टाकायलाच हवा होता.

"मगे माका एक सांग," मी म्हटलं. "थयसर नदीवर, सगळ्या गावासमोर, माझ्या ह्या हातान मी कोणाक जाळलंय?"

"नारळाक."

"शालन!"

"आणि तोय सुको होतो, भावोजी. मी हालवन बघलंलंय," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "जित्या माणसासाठी पाण्याचो नारळ कित्याक फुकट घालवचो?"